लाल पट्ट्यातली गदा

१

सौंसरच्या बसस्थानकावर मारुतीची गदा भलत्याच जागी टांगलेली सापडली, आणि तिच्यापायी सत्तरीची देवकाबाई मरता मरता वाचली. ही शनिवारची गोष्ट. रविवार उजाडेपर्यंत मोहगाववाले तर देवकाबाई गेलीच म्हणून छातीठोकपणे सांगत होते. खबर लांब गेली की फुगतेच, तिला कोण आवरणार?

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा एप्रिल. परवा मंगळवारी हनुमान जयंती आणि भीमजयंती, दोन्ही एकाच दिवशी आलेल्या. उन्हानं जीव नकोसा झालेला, आणि गावाला तर बसू का उठू असं झालेलं.

प्रमिलाबाई कळंबे पोस्टाच्या खिडकीवर बसत. वीस वर्षं झाली होती. तिकिटं विकायची हे सरकारी काम, आणि ज्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायची, आलेली वाचून दाखवायची, हे बिनपगारी. त्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. सुटीच्या दिवशी तर बाई घरातल्या घरात इतक्या फेऱ्या मारत की नवरा म्हणे, एवढ्यात नागपूर आलं असतं. त्या रविवारी चहा दोनदा उतू गेला, आणि तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा दारात छाया उभी होती. डोळे सुजून लाल झालेले.

"मावशी, म्या गदा खालच्या पट्ट्यातच टांगली होती. तीन दिवस तिथं बसून मापं घेतली होती म्या. मी चुकीन काय?"

छाया सोमकुवर. बाप शालिकराम नगरपालिकेत शिपाई. पोरगी नागपूरला दोन वर्षं जाहिरातीची चित्रकला शिकून आली होती. बसस्थानक सुधार समितीचे अध्यक्ष भैय्याजी ढोबळे यांच्याकडे शब्द टाकून तिला हे पहिलं काम प्रमिलाबाईंनीच मिळवून दिलं होतं. तेव्हा तिचं नाक कापलं तर बाईंचंही शाबूत राहणार नव्हतं.

जुना फलक हिरामण पेंटरचा होता. चारी कोपऱ्यांत कमळं, काठानं वेलबुट्टी, प्रत्येक अक्षराला दोन रंगांची सावली, आणि देणगी देणाऱ्यांची नावं गाड्यांच्या वेळांपेक्षा मोठी. माणूस त्यात आपली गाडी शोधेपर्यंत गाडी निघून जाई. छायानं नव्या जमान्याचा फलक केला. पांढरा पत्रा, त्यावर पाच रंगीत पट्टे, एकाखाली एक. पट्ट्यात गावाचं नाव आणि वेळा, बिनसावलीच्या ठसठशीत अक्षरांत. बाकी सगळी मोकळी जागा. "रंग संपला का वो?" असं लोकांनी तिला विचारलं होतं. ती म्हणे, मोकळी जागा असली की डोळ्याला कुठं जायचं ते कळते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पट्ट्याच्या डाव्या टोकाला खिळ्यावर एक चित्राची पाटी. सगळ्यात वर लाल पट्टा, नागपूर, चित्र आगगाडीच्या इंजिनाचं. मग पांढुर्ण्याला संत्रं, छिंदवाड्याला डोंगर, मोहगावला कापसाचं बोंड. सगळ्यात खाली निळा पट्टा, जामसांवली, तिथल्या प्रसिद्ध मारुतीची गदा. शेडचे पाच खांबही त्याच पाच रंगांचे. चित्र शोधा, रंग पाहा, त्या रंगाच्या खांबाशी उभे राहा. लहान पोरालाही जमावं असं. पाट्या तिनं घरी रंगवून आणल्या होत्या आणि तूर्त नुसत्या अडकवल्या होत्या. बोल्ट सोमवारी बसायचे होते.

शुक्रवारी दुपारी नारळ फुटला. शनिवारी सकाळी देवकाबाई जामसांवलीला म्हणून निघाली आणि लाल खांबाशी उभी राहून नागपूरच्या गाडीत चढली. गर्दी ही एवढी. कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला तेव्हा गाडी बरीच पुढं गेलेली. त्यानं म्हातारीला एका फाट्यावर उतरवून दिलं. ना झाड, ना पाणी. दोन तासांनी एका ट्रॅक्टरवाल्याला ती रस्त्याच्या कडेला पडलेली दिसली. मग लोकांनी येऊन फलक पाहिला, तर काय? गदा वर लाल पट्ट्यात, आणि इंजिन खाली निळ्यात!

"चूक केली म्हणतेत तोवर ठीक होतं, मावशी," छाया म्हणाली. "आता म्हणून राहिले मुद्दाम केलं. बौद्धाची पोरगी, जयंती तोंडावर, म्हाताऱ्या बायांले वनवासाले धाडलं म्हणतेत. दोन वाजता बैठक आहे. फलक उतरवणार. पांढुर्ण्याचे लोक त्यांच्या स्टँडचा फलक माह्याकडून ठरवाले येऊन राहिले, त्यांच्याच समोर."

आणि देवकाबाई कोण? तर भैय्याजींची सख्खी आई.

बाईंनी चहाचं भांडं तसंच विस्तवावर सोडलं आणि चपला पायात सरकवल्या. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

२

प्रमिलाबाईंकडे चुकीच्या पत्त्याची पत्रं रोज येत. त्यांची रीत ठरलेली होती. पत्ता चुकला म्हणून लिहिणाऱ्याला शिव्या घालायच्या नाहीत. लिहिताना त्याच्या डोक्यात कोणतं घर होतं ते हुडकायचं. घर सापडलं की पत्र आपोआप पोचतं.

फलकापुढं त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. स्टँडवरची धूळ दोन दिवसांत चार पाट्यांवर चांगली बसली होती. पाचवी, गदेची, तेवढी लख्ख. कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसावी तशी. खाली टांगलेलं इंजिन सरळ होतं, जराही तिरकं नाही. त्याच्यावर आणि भोवतीच्या निळ्या पट्ट्यावर पानाच्या पिचकाऱ्यांचे शिंतोडे.

खोड काढणारा पाटी पुसत बसेल? बाईंच्या डोक्यात हे कुसळासारखं अडकलं.

टाइमकीपर गुणवंता खिडकीतून पाहत होता. पन्नाशीचा, बुटका, तोंड कायम कडू.

"काय पाहता, बाई? पोट्टीची हुशारी?"

"तुमाले फलक आवडला नाही वाटते, गुणवंताभाऊ."

"कायले आवडन? तीस वर्षं लोक मले विचारत होते, साहेब, गाडी केव्हा? आता खिडकीत कुत्रं येत नाही. चित्र पाहतेत अन् चालले जातेत." मग त्याला उमगलं आपण काय बोललो ते. "म्हणून म्या हात लावला असं नाही. बैठकीत लिहून देतो. मले पाट्या बदलायच्याच असत्या तर खुर्ची आहे ना माही! बाकडं कायले ओढत नेऊ?"

"कोणतं बाकडं?"

"थेच ते, माठाजवळचं. शनिवारी सकाळी येऊन पाहतो तर फलकाखाली! म्याच ढकलत परत नेलं, कंबर धरली."

बाईंनी फरशी पाहिली. माठापासून फलकापर्यंत बाकड्याच्या पायांचे दोन पांढरे ओरखडे गेले होते. वरचा खिळा सात फुटांवर. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला सात फुटांवर हात पुरत नव्हता, आणि त्याच्याकडं खुर्ची नव्हती की शिडी नव्हती.

"शुक्रवारी नारळानंतर इथं कोण होतं, भाऊ?"

"मी चहाले गेलो अन् तसाच घरी गेलो. मंडळी सगळी भैय्याजींसोबत नाश्त्याले. पण जाता जाता एक माणूस पाहिला." गुणवंतानं आवाज खाली घेतला. "हिरामण पेंटर. फलकाले नाक लावून उभा होता. अन् बाई, हातात त्याच्या ब्रश होता."

पांढुर्ण्याची गाडी पिवळ्या खांबाशी घुरघुरत होती. बाई धावत सुटल्या.

३

पांढुर्ण्यात उतरल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हिरामण पेंटर सापडला बाजारातल्या एका तेलाच्या दुकानाच्या भिंतीशी, शिडीवर. साठीचा माणूस, कानामागं विडी, बोटांना रंगांची पुटं.

बाई बोलायच्या आधी भिंतीकडेच पाहत राहिल्या. पांढरी भिंत, मधोमध एक पिवळा थेंब, त्याखाली दुकानाचं नाव. बाकी काही नाही. ना कमळ, ना वेल.

"हे तुम्ही काढलं, हिरामणदादा?"

म्हातारा ओशाळला आणि शिडी उतरून खाली आला. "काढलं. दुकानदार मले म्हणते, निम्मी भिंत कोरी सोडली, काम अर्धंच केलं. आता याले काय सांगू? त्या पोरीचा फलक पाहून दोन रात्री झोप नाही आली मले, बाई. चाळीस वर्षं म्या भिंती भरल्या. रिकामी जागा दिसली की हात शिवशिवते. अन् ते लेकरू एवढी जागा सोडून बसलं, अन् नजर सरकन् गाडीवर जाते! राग आला. मंग राग येऊन येऊन शरम आली."

"तिचा फलक उतरवून राहिले आज. शुक्रवारी तुम्ही तिथं ब्रश घेऊन उभे होते म्हणतेत."

"कामावरून येत होतो, ब्रश राहीनच हातात! माह्यावर आळ घेऊन राहिला कोणी?" हिरामणचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "सांगतो. फलक म्या इंच इंच पाहिला. नारळ फोडणाऱ्यांनी पेढे पाहिले, पण म्या फलक पाहिला. गदा खालीच होती. निळ्या पट्ट्यात. पाहिजे तर येऊन सांगतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. ज्याचं काम या पोरीनं खाल्लं, तोच तिच्या बाजूनं साक्ष देत होता. खोटंच बोलायचं असतं तर गदा वरच होती म्हणून मोकळा झाला असता.

"पण एक सांगू?" हिरामण म्हणाला. "पोरगी शिकली, पण स्टँड नाही शिकली. आम्ही कोणत्याही फलकाचा खालचा हातभर भाग गेरूनं लाल करून सोडतो. तिथं अक्षर नाही टाकत, की देव नाही टाकत. काहून? लोक थुंकतेत. शुक्रवारी मी उभा होतो तेव्हाच एकानं मारली पिचकारी, गदेवरच. म्या म्हटलं, चाललं काम!"

"कोणी मारली?"

"पाठमोरा होता. पण बाजूले बसलेल्या बायाबापड्यांनी तोंडाले पदर लावले, एवढं पाहिलं."

बाई निघाल्या. साडेबारा. परतीची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली होती, आणि पुढची अडीचला. तेवढ्यात एक जीप त्यांच्यापुढं कचकन थांबली. आत बसला होता दिलीप घागरे, ज्याच्यावर बाईंचा सगळ्यात जास्त संशय होता.

४

दिलीप सौंसर-पांढुर्णा-जामसांवली जीप चालवी. सहा फुटांच्या वर उंची, जीपमध्ये मान वाकवून बसे. गाडी हुकलेल्या, गोंधळलेल्या प्रवाशांवर त्याचं पोट. नवा फलक लागला आणि माणसं गोंधळायची बंद झाली. बाईंनी बसता बसता तोंड सोडलं.

"शनिवारी धंदा बरा झाला असंन तुहा."

"चिमटे नका काढू, काकू." दिलीपनं गिअर टाकला. "झाला बरा. पाच-सहा बाया फलकापुढं थांबल्या होत्या. चित्र एक सांगून राहिलं, कंडक्टर 'नागपूर, नागपूर' बोंबलून राहिला. त्यांचा जीव गोंधळला. म्या त्यांले जीपमध्ये घातलं अन् जामसांवलीले सोडलं. यात पाप काय?"

"पाटी तूच बदलली असं गाव म्हणन."

"म्हणू द्या. बाकड्यावर चढून बदलली म्हणतेत ना? मी चढलो बाकड्यावर तर शेडच्या पत्र्याले टाळकं लागन माहं."

हे बाईंनाही पटलं. गुणवंताला खुर्ची, हिरामणला शिडी, दिलीपला उंची. बाकडं तिघांच्याही कामाचं नव्हतं. आणि तिघांनाही वाचता येत होतं. ज्याला वाचता येतं त्यानं लोकांना फसवायचं म्हटलं तर तो वेळा खरडेल, पाट्या फेकून देईल. पाटी पुसून, दुसरी तितकीच सरळ टांगून ठेवणार नाही.

"देवकाआजीले म्या हाक मारली होती," दिलीप स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "म्हटलं, आजी, जामसांवलीले चाल्ली ना? या इकडे. तर म्हणे, मले मालूम आहे माही गाडी. बाकीच्या बाया फलकाकडे टकमक पाहून राहिल्या होत्या. आजीनं त्याच्याकडे ढुंकून नाही पाहिलं. रिक्षातून उतरली अन् सरळ लाल खांबापाशी जाऊन उभी राहिली."

बाईंनी त्याचा दंड धरला. "काय म्हणाला?"

"काकू, स्टिअरिंग आहे हातात!"

"तिनं फलकाकडे पाहिलंच नाही?"

"नाही म्हणतो ना. मान वर केली नाही तिनं."

उजव्या हाताला संत्र्यांच्या बागा मागं पळत होत्या आणि बाई मनात भराभर हिशेब मांडू लागल्या. फलक शुक्रवारी दुपारी लागला, तेव्हा गदा खाली निळ्यात होती. शनिवारी सकाळी ती लाल पट्ट्यात होती. मग जिनं मान वर केली नाही तिला लाल खांब कसा ठाऊक?

"दिलीप, स्टँडकडे नको. जीप भैय्याजींच्या घराकडे घे. अन् जोरात घे!"

५

भैय्याजी स्टँडवर गेले होते. घरात म्हातारी खाटेवर, कपाळावर ओला पंचा. सून चिरलेला कांदा तिच्या तळव्यांना चोळत होती. देवकाबाई एवढीशी, वाळलेली, पण डोळे टक्क उघडे.

"ये, प्रमिला. पत्र आलं काय माह्या बहिणीचं?"

"पत्र नाही, आजी. मीच आली." बाई खाटेशी खाली बसल्या. सुनेला त्यांनी पाणी आणायला पाठवलं. "शुक्रवारी नारळ फुटला तेव्हा तुम्ही होत्या स्टँडवर?"

"होती ना. भैय्या म्हणाला, बस आई, आलोच. गेला नाश्त्याले, तासभर पत्ता नाही. तिथंच बसली खाली, माठाजवय."

"छायानं तुमाले फलक दाखवला?"

"दाखवला. चांगली पोट्टी आहे वो. म्हणे आजी, वाचता येत नसलं तरी चालते. फक्त गदा पाहायची. गदा ज्या रंगात, त्या रंगाच्या खांबाजवय उभं राहायचं. येकदम सोपं सांगतलं तिनं."

"मग गदा पुसली कोणी?"

म्हातारी चटकन उत्तरली, जरासुद्धा चपापली नाही. "म्या पुसली. कोण पुसन? येक मेला आला अन् थुंकला त्याच्यावर! मारुतीच्या गदेवर! माह्या डोयासमोर. लुगड्याचा पदर माठात बुडवला अन् पुसली. चप्पल काढली, बाकडं ओढलं, वर चढली अन् देवाले वर नेऊन ठेवलं. वरचं इंजिन खाली आणलं. इंजिनावर थुंका म्हटलं लेकहो, किती थुंकता ते."

"अन् शनिवारी लाल खांबापाशी उभ्या राहिल्या."

"मंग? गदा लाल पट्ट्यात ठेवली होती ना म्या. पोट्टीनं सांगतलं तसंच तं केलं. देव जिकडे, गाडी तिकडे." म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. "पण गाडीच फिरली, बाई. त्या कंडक्टरनं मले उतरवून देल्लं."

प्रमिलाबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. वीस वर्षं त्या या बायकांची पत्रं लिहीत होत्या. पत्त्याचं त्यांना कधी समजावून सांगावं लागलं नव्हतं, कारण पत्ता बाईच लिहीत. घर सापडलं होतं आता. म्हातारीला त्या पट्ट्यातली अक्षरं दिसतच नव्हती. तिच्या लेखी ती नक्षीच होती. चित्र हीच गाडी. चित्र हललं की गाडी हलली. चूक कोणाची म्हणायची?

"आजी, त्या पोरीवर आळ आला. तिनंच चुकीची टांगली म्हणतेत. मुद्दाम केली म्हणतेत. भैय्याजी फलक उतरवून राहिले."

देवकाबाईनं कपाळावरचा पंचा काढून फेकला. "मले कोणी विचारलं? कालपासून भैय्या माह्या नावानं बोंबलून राहिला, पण मले विचारलं काय त्यानं? माही चप्पल दे."

बाईंनी तिचा हात धरला. खरं सांगितलं तर छायाची चूक धुऊन निघणार होती. पण त्याच दमात सगळ्यांना कळणार होतं की तिनं मारुतीची गदा पिचकारीच्या जागी टांगली होती. स्टँडवर टपून बसलेल्यांना याहून काय हवं? "आजी, जपून बोलाल."

"माह्या देवाचं मी बोलीन. तू मले धर फक्त."

६

दोन वाजून पाच मिनिटं. शेडखाली शंभरेक माणसं. भैय्याजी खुर्चीवर, पांढुर्ण्याचे दोघं बाजूला, आणि छाया खांबाला टेकून उभी, शालिकराम तिच्या पुढं ढालीसारखा. एकजण पान्हा घेऊन फलकाच्या नटांना भिडलाही होता. दिलीपनं जीप थेट शेडशी लावली आणि म्हातारी उतरली.

"आई! तू कायले आली उन्हात?"

"तुले सांगाले. गदा म्या वर ठेवली."

देवकाबाईनं सगळं सांगितलं, पदर कसा भिजवला इथपासून. गुणवंतानं बाकड्याची साक्ष दिली. हिरामणनं काय पाहिलं ते प्रमिलाबाईंनी सांगितलं. भैय्याजींचा चेहरा उतरला. कालपासून ज्या पोरीचा उद्धार चालवला होता तिच्याकडं त्यांना पाहवेना.

आणि मग तेच झालं ज्याची बाईंना धास्ती होती. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हणजे हिनं देवाले थुंकायच्या जागेवर टांगलं होतं! मुद्दामच!" लगेच दहा तोंडं उघडली. पान्हेवाला पुन्हा नटाला भिडला. शालिकरामनं पोरीचा हात घट्ट धरला.

छाया हात सोडवून पुढं आली. "आजी, शुक्रवारी तुम्ही कुठं बसल्या होत्या? तिथं बसता काय जरा?"

देवकाबाई माठाजवळ जाऊन फरशीवर बसली, गाठोडं मांडीशी घेऊन बसतात तशी.

"आता समोर पाहा. मान वर करू नका. काय दिसते?"

म्हातारीनं पाहिलं. अगदी तिच्या डोळ्यांसमोर निळा पट्टा होता. "इंजिन दिसते."

"इथं गदा होती." छायाला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही. "तीन दिवस मी इथं बसली होती. नागपूरवाले उभे राहतेत. छिंदवाडावाले उभे राहतेत. जामसांवलीले जाणाऱ्या म्हाताऱ्या बाया तेवढ्या खाली बसतेत, डोक्यावर पदर, मान खाली. त्यायच्या डोळ्यासमोर गदा यावी म्हणून खालचा पट्टा ठेवला. देवाले खाली नाही नेलं म्या. बायांजवळ आणलं." तिनं नाक पुसलं. "पण एक चुकलं. बसणारे पाहिले, थुंकणारे नाही पाहिले. ती चूक माहीच आहे."

देवकाबाई अजून खालीच बसलेली, त्या इंजिनाकडं एकटक पाहत. मग तिनं मान न वळवता हाक मारली.

"भैय्या."

"हो, आई."

"ही खरं सांगते. डोयासमोर येते येकदम." तिनं इंजिनाकडं बोट केलं. "गदा आण खाली."

"पण आई, तिथं लोक..."

"मंगळवारी मी बसते इथं. सकाळपासून. कोण थुंकते मले पाहायचं आहे."

पान्हेवाल्यानं पान्हा खिशात घातला. भैय्याजी स्वतः उठले, बाकड्यावर चढले, इंजिन वर टांगलं आणि गदा दोन्ही हातांनी धरून खाली आणली. मघाशी मागून ओरडणाऱ्यालाच त्यांनी पाणी आणायला लावलं, आणि निळा पट्टा आपल्या उपरण्यानं पुसला. मग छायापुढं उभे राहून म्हणाले, "पोरी, मी आईले विचारायच्या आधी तुले दोष लावला. चुकलो." एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला, पण सगळ्यांसमोर बोलले.

पांढुर्ण्याच्या दोघांपैकी वयस्कर होता तो छायाला म्हणाला, "मंग आमचा फलक केव्हा होईल, बाई? आमच्याकडे तर स्टेशनची गर्दीही येते."

छायानं प्रमिलाबाईंकडं पाहिलं. बाईंना आता रडू आवरेना, म्हणून त्या उगाचच दिलीपवर खेकसल्या की जीप उन्हात का लावली.

"जयंती होऊ द्या," छाया म्हणाली. "बुधवारी येते मी. आधी चार दिवस नुसती बसून पाहीन."

"येकटी नको जाऊ," देवकाबाई फरशीवरून म्हणाली. "तुले लिहिता येते, तुले काय दिसन? मले घेऊन जाजो. मी खाली बसीन अन् सांगीन."